मार्कस समीकरणात वेग चुकतोय? आधी किती पटींनी चुकला ते पाहा

तक्रार दर सेमिस्टरला तीच असते, पोरं तेवढी बदलतात. "मॅडम, सूत्र तर बरोबर हाय, आकडे बी पुस्तकातलेच टाकले, मंग वेग एवढा कमी काऊन येऊन राह्यला?" एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला इलेक्ट्रॉन ट्रान्स्फर, म्हणजे एका रेणूकडून दुसऱ्याकडे इलेक्ट्रॉन जाणं, आणि त्याचा वेग देणारं मार्कस समीकरण शिकवून झालं की मोबाइलवर वहीच्या पानांचे फोटो यायला लागतात. सेट-नेटच्या आधी तर रांगच लागते. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी घड्याळी तासिकेवर शिकवते. पोरं आसपासच्या खेड्यांतून एसटीने येतात, शेवटची गाडी चुकू नये म्हणून प्रॅक्टिकल संपायच्या आत दप्तर भरतात, आणि शंका मग रात्री घरून विचारतात. तेच ते उत्तर टाइप करत बसण्यापेक्षा सगळं एकदाच इथे लिहून ठेवते.

सूत्र बहुतेक वेळा खरंच बरोबर लिहिलेलं असतं. घोळ होतो तो लॅम्डा, म्हणजे पुनर्रचना ऊर्जा, टाकताना. आणि लॅम्डा बसलाय घातांकात. साध्या गुणाकारात दुपटीची चूक झाली तर उत्तर दुपटीनेच चुकतं. घातांकात तीच चूक उत्तराला हजारो पटींनी हलवते. याचा त्रास आहे तसा फायदाही आहे, कारण प्रत्येक चूक आपली वेगळी खूण ठेवून जाते. त्यामुळे पान पहिल्या ओळीपासून पुन्हा तपासत बसू नका. उत्तरसूचीतलं उत्तर आणि आपलं उत्तर यांचा भागाकार करा. तो एक आकडा पाहूनच चूक कुठे आहे याचा अंदाज येतो. उत्तरसूची नसेल, म्हणजे गणित तुमच्या प्रोजेक्टमधलं असेल, तर खाली दिलेलं नमुना गणित आधी तुमच्या शीटमध्ये चालवून बघा. ते जुळलं तर शीट ठीक, मग आकडे तपासायचे.

लॅम्डा हा कशाचा खर्च आहे

कापसाच्या दोन बैलगाड्या शेजारून चालल्या आहेत आणि पोरगं एकीवरून दुसरीवर उडी मारतंय असं समजा. उडीला क्षण पुरतो. गाड्या बरोबरीला येण्यातच सगळा वेळ आणि सगळी ओढाताण जाते. इलेक्ट्रॉन हलका, त्याची उडी झटक्यात होते. अणुकेंद्रकं आणि सॉल्व्हंटचे रेणू जड, ते त्या वेळात जागचे हलत नाहीत. हा मुद्दा विलर्ड लिबी यांनी १९५२ मध्ये मांडला होता. पण इलेक्ट्रॉन आधी उडाला आणि भोवतालची मांडणी मागाहून बदलली असं मानलं, तर अंधारात, बाहेरून प्रकाश न मिळता, ऊर्जेचा हिशोब जुळत नाही. रुडॉल्फ मार्कस यांनी १९५६ मध्ये तो जुळवला: भोवतालची मांडणी आधी हलते, डोनरकडची (इलेक्ट्रॉन देणारा) आणि ॲक्सेप्टरकडची (घेणारा) ऊर्जा सारखी होईल तिथवर येते, आणि त्या क्षणी इलेक्ट्रॉन पार होतो. १९९२ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं.

इलेक्ट्रॉन जागेवरच ठेवून भोवतालची सगळी मांडणी, बंधांच्या लांब्या आणि सॉल्व्हंटच्या दिशांसकट, उत्पादिताला हवी तशी करायला जी ऊर्जा लागेल ती लॅम्डा. प्रत्यक्षात एवढं पूर्ण अंतर जावं लागत नाही. चालक बल, म्हणजे अभिक्रियेतून सुटणारी मुक्त ऊर्जा, शून्य असेल तर अभिकारकाच्या आणि उत्पादिताच्या ऊर्जेचे दोन पॅराबोला बरोबर मध्यावर छेदतात. अंतर अर्धं, आणि ऊर्जा अंतराच्या वर्गावर चालते, म्हणून अडथळा लॅम्डाचा चौथा हिस्सा. हा 'चार' सूत्रात कुठून आला ते एकदा पटलं की तो विसरला जात नाही.

अडथळा = (लॅम्डा + डेल्टा जी) चा वर्ग ÷ (४ × लॅम्डा)

वेग = (२ पाय ÷ एच-बार) × कपलिंगचा वर्ग × [१ ÷ √(४ पाय × लॅम्डा × केटी)] × घातांकी पद, ज्याचा घात आहे उणे (अडथळा ÷ केटी)

यात डेल्टा जी म्हणजे अभिक्रियेतला मुक्त ऊर्जेचा बदल (तो जितका ऋण तितकं चालक बल मोठं), कपलिंग म्हणजे डोनर आणि ॲक्सेप्टर यांच्या कक्षकांची एकमेकांशी जोड, केटी म्हणजे बोल्ट्झमनचा स्थिरांक गुणिले तापमान, आणि एच-बार म्हणजे प्लँकचा स्थिरांक एच भागिले २ पाय.

आता नमुना गणित. लॅम्डा १ ईव्ही, डेल्टा जी शून्य, कपलिंग ०.०१ ईव्ही, तापमान २५ अंश. केटी येते ०.०२५७ ईव्ही. अडथळा ०.२५ ईव्ही. घातांकी पद ०.००००५९, म्हणजे लाखात जवळपास ६. त्याच्या पुढचा सगळा गुणक सेकंदाला सुमारे १.७ लाख कोटी. दोन्हींचा गुणाकार सेकंदाला सुमारे १० कोटी. तुमच्या शीटमध्ये १० कोटीच्या आसपास आकडा आला नाही तर पुढे जाऊ नका, चूक शीटमध्येच आहे.

मग याच शीटमध्ये लॅम्डा २ ईव्ही करा, बाकी काही हलवू नका. वेग सेकंदाला ४ हजारांच्या आसपास येईल. लॅम्डा दुप्पट झाला आणि वेग २४ हजार पटींनी पडला. माझ्या मते हा एक आकडा पाठ असलेला बरा, पुढे तो परत लागणार आहे.

खुणा

सगळ्यात मोठी खूण आधी. उत्तर सुमारे पाच लाख कोटी पटींनी कमी आलं असेल आणि डेल्टा जी शून्य असेल, तर तुम्ही चारने भागलंच नाही. अडथळ्याच्या जागी अख्खा लॅम्डा टाकलात.

कॅल्क्युलेटरने सरळ शून्य दाखवलं तर एकक बघा. लॅम्डा किलोज्यूलमध्ये आणि केटी ईव्हीमध्ये असं झालं की घात हजाराच्या घरात जातो आणि बिचारं यंत्र हात टेकतं. उलट, लॅम्डा ईव्हीमध्ये आणि केटी किलोज्यूलमध्ये असेल तर घातांकी पद ०.९ च्या आसपास येतं आणि वेग अवाच्या सवा वाढतो. १ ईव्ही म्हणजे मोलमागे ९६.५ किलोज्यूल, किंवा २३.०६ किलोकॅलरी, किंवा ८,०६५ वेव्हनंबर (प्रति सेंटिमीटर). २५ अंशाला केटी किलोज्यूलमध्ये २.४८. हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. कपलिंग बरेचदा वेव्हनंबरमध्ये देतात आणि लॅम्डा ईव्हीमध्ये. पेपर काढणाऱ्याला तेच हवं असतं. नमुना गणितातलं ०.०१ ईव्ही म्हणजे सुमारे ८१ वेव्हनंबर.

फरक ६.२८ पटींचा असेल तर एच-बारच्या जागी एच टाकलाय. फरक बरोबर कपलिंगच्या आकड्याएवढाच असेल, म्हणजे आपल्या गणितात शंभर पटींचा, तर त्याचा वर्ग राहिलाय. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

चिन्हाची चूक मात्र गमतीची आहे. लॅम्डा १ आणि डेल्टा जी उणे ०.५ ईव्ही घ्या. अडथळा ०.०६२५. कोणी डेल्टा जी अधिक ०.५ धरला तर अडथळा ०.५६२५. दोन्हींतला फरक बरोबर ०.५, म्हणजे खुद्द डेल्टा जीएवढाच. हा योगायोग नाही. लॅम्डा कितीही घ्या, दोन वर्गांची वजाबाकी करून चार लॅम्डाने भागलं की डेल्टा जीच उरतो. म्हणून चिन्ह चुकलं की उत्तर नेमकं समतोल स्थिरांकाच्या पटीने चुकतं. इथे २८ कोटी पट. कारण उघड आहे, तुम्ही उलट्या दिशेच्या अभिक्रियेचा वेग काढून ठेवलाय, आणि पुढचा भागिले मागचा म्हणजेच समतोल स्थिरांक. तेव्हा भागाकार करून जो आकडा येईल त्याचा नैसर्गिक लॉग घ्या, केटीने गुणा. डेल्टा जी हाती आला तर दुसरं काही शोधू नका.

चिन्ह चुकतं कुठे? विभवावरून डेल्टा जी काढताना उणे चिन्ह गळतं ही एक जागा. दुसरी जागा प्रकाशाने घडणाऱ्या ट्रान्स्फरची. तिथे डोनरचं ऑक्सिडेशन विभव, वजा ॲक्सेप्टरचं रिडक्शन विभव, वजा उत्तेजित अवस्थेची ऊर्जा असा हिशोब असतो, आणि शेवटी कुलोंबची छोटी दुरुस्ती. समजा डोनर १.०, ॲक्सेप्टर उणे ०.८, उत्तेजन २.१ ईव्ही. दुरुस्ती सोडून दिली तर १.० अधिक ०.८ वजा २.१, म्हणजे उणे ०.३. वहीत मात्र हमखास १.० वजा ०.८ वजा २.१ असं सापडतं, म्हणजे उणे १.९. वजाचं वजा कोणी अधिक केलंच नाही. हा उणे १.९ पुढे आणखी वेगळा तमाशा करतो, तो खाली उलट्या पट्ट्यात येईल.

दोन-चार पटींचा फरक असेल तर डोकं फोडून घेऊ नका, पण तापमान तेवढं बघा. पुस्तकं सगळी २५ अंश धरतात. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश ही काही बातमी नाही, आणि पत्र्याच्या छताखालच्या प्रयोगशाळेत एसी कुठून आणणार? ४५ अंशाला केटी ०.०२७४ होते आणि नमुना गणितातला वेग जवळजवळ दुप्पट येतो. उन्हाळ्यात घेतलेली मापं आणि जानेवारीतली मापं एकाच आलेखावर टाकून "डेटा पसरलाय" म्हणण्यात अर्थ नाही.

आठपट फरक? लॅम्डा ०.२ ईव्हीने इकडे-तिकडे असेल. १ च्या जागी ०.८ घेतला की एवढाच फरक पडतो.

आणि फरक हजारांत असेल, त्यातही २४ हजारांच्या आसपास, तर लॅम्डा दुप्पट किंवा निम्मा झालाय. इथून खरं रसायनशास्त्र सुरू होतं.

लॅम्डा निम्मा किंवा दुप्पट कसा होतो

लॅम्डाचे दोन हिस्से असतात: आतला आणि बाहेरचा. आतला म्हणजे रेणूचे स्वतःचे बंध ताणण्या-आखडण्याचा, बाहेरचा म्हणजे भोवतीच्या सॉल्व्हंटला फिरवण्याचा. पुस्तकात हे दोन वेगळ्या परिच्छेदांत येतात आणि पोरं त्यातला एकच घेऊन पुढे पळतात. दोन्हींची बेरीज टाकायची.

आतल्या हिश्श्याची ताकद बघायची असेल तर कोबाल्ट आणि रुथेनियमच्या हेक्साॲमिनांची जोडी घ्या. लिगंड तेच, आकार तोच, अधिक दोन आणि अधिक तीन या अवस्थांमधली अदलाबदलही तीच. रुथेनियममध्ये इलेक्ट्रॉन टी-टू-जी कक्षकात जातो-येतो. त्या कक्षकांचा लिगंडशी थेट झगडा नाही, म्हणून बंधाची लांबी जेमतेम ०.०४ अँगस्ट्रॉमने बदलते. कोबाल्टचा तीनवाला आयन लो-स्पिन, सगळे सहा इलेक्ट्रॉन टी-टू-जीमध्ये. दोनवाला हाय-स्पिन, त्याचे दोन इलेक्ट्रॉन ई-जीमध्ये, म्हणजे थेट बंधाच्या विरोधातल्या कक्षकात. लांबी ०.२ अँगस्ट्रॉमहून जास्त बदलते. परिणाम असा, की रुथेनियमच्या जोडीत अदलाबदलीचा दर, मोलर एककात, सेकंदाला काही हजार आहे आणि कोबाल्टच्या जोडीत एकाच्या लाखाव्या हिश्श्याच्याही खाली. सुमारे अब्जपट फरक. स्पिन बदलण्याचा वाटा थोडा आहेच, पण बंध ताणण्याचा खर्च हे मोठं कारण. पाण्याने वेढलेल्या लोखंडाची जोडी मधे कुठेतरी बसते: बंध सुमारे ०.१४ अँगस्ट्रॉमने हलतात, दर सेकंदाला ४ च्या आसपास. बायपिरिडिनने वेढलेल्या रुथेनियमचा दर मात्र कोटींमध्ये, कारण तिथे बंध जवळपास हलतच नाहीत आणि रेणू मोठा असल्याने सॉल्व्हंटलाही फारसं फिरावं लागत नाही. परीक्षेत "कारण द्या" म्हणून हा प्रश्न आला तर ई-जीपर्यंत पोहोचा. नुसतं "लॅम्डा जास्त" लिहिलं तर मी तरी पूर्ण गुण देत नाही.

आता दोन वेगवेगळ्या जोड्यांमधली क्रॉस अभिक्रिया. इथे एकीचा लॅम्डा आणि दुसरीचा लॅम्डा यांची सरासरी घ्यायची असते. बेरीज केली की लॅम्डा दुप्पट, आणि वर सांगितलेली २४ हजारांची खूण समोर हजर. आतला-बाहेरचा मिळवायचे, दोन जोड्यांची सरासरी काढायची. ही अदलाबदल झाली नाही ना, ते बघा.

बाहेरच्या हिश्श्यासाठी सूत्र असं: १४.४ गुणिले (१ ÷ २ए-एक + १ ÷ २ए-दोन − १ ÷ आर) गुणिले (१ ÷ एनचा वर्ग − १ ÷ एप्सिलॉन). ए-एक, ए-दोन या डोनर-ॲक्सेप्टरच्या त्रिज्या आणि आर हे त्यांच्या केंद्रांमधलं अंतर, सगळं अँगस्ट्रॉममध्ये; एन हा सॉल्व्हंटचा अपवर्तनांक, एप्सिलॉन त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक; उत्तर ईव्हीमध्ये. दोन्ही त्रिज्या ३.५ आणि अंतर ७ घेतलं तर पहिला कंस एक-सप्तमांश, आणि पाण्यात लॅम्डा १.१३ ईव्ही.

यात तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, त्रिज्येखालचा २. दुसरं, दुसऱ्या कंसात एनचा वर्ग न करणं. पाण्यासाठी तो कंस ०.५५ यायला हवा, ०.७४ आला तर वर्ग राहिला. तिसरं जरा खोल आहे. पाण्याचा एप्सिलॉन ७८, ॲसिटोनायट्राइलचा ३७ च्या आसपास, म्हणून लॅम्डाही निम्मा असेल असं पोरं गृहीत धरतात. कंस काढून बघा: पाणी ०.५५, ॲसिटोनायट्राइल ०.५३. फरक नावालाच. एप्सिलॉन एकदा मोठा झाला की त्याचा व्यस्त आधीच नगण्य होतो, पुढचं सगळं एनवर ठरतं. टीएचएफला कंस ०.३७ येतो, टोल्युइनला ०.०३. टोल्युइनचं उत्तर मात्र जसंच्या तसं खरं मानू नका. या मॉडेलला सॉल्व्हंटचे द्विध्रुव तेवढे दिसतात, टोल्युइनचे चतुर्ध्रुव दिसत नाहीत. खरा लॅम्डा त्याहून मोठा असतो.

आणखी एक. अंतर वाढलं की कपलिंग झपाट्याने पडतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण अंतर लॅम्डातही आहे. त्याच त्रिज्या ठेवून आर ७ वरून १४ केला तर पाण्यातला लॅम्डा १.१३ वरून १.७० होतो. वेग पडण्याचा सगळा दोष कपलिंगच्या माथी मारून त्यातून क्षयस्थिरांक, म्हणजे अंतरासोबत कपलिंग किती झपाट्याने पडतं तो आकडा, काढला की तो फुगून येतो.

"चालक बल वाढवलं तर वेग कमी झाला"

ही तक्रार खरं तर तक्रारच नाही. गेल्या सत्रात एका विद्यार्थिनीने एक्सेलचा फोटो पाठवला. लॅम्डा १ ठेवून तिने डेल्टा जीचा रकाना शून्यापासून खाली उतरवत नेला होता. शून्याला अडथळा ०.२५, उणे ०.५ ला ०.०६२५, उणे १ ला शून्य, उणे १.५ ला पुन्हा ०.०६२५, उणे २ ला पुन्हा ०.२५. शेवटच्या दोन ओळींना तिने पिवळा रंग देऊन खाली लिहिलं होतं, "इथून एक्सेल बिघडलं वाटते." एक्सेल ठणठणीत होतं. चालक बल लॅम्डापेक्षा मोठं झालं की उत्पादिताचा पॅराबोला इतका खाली जातो की दोन्हींचा छेद दुसऱ्या बाजूला सरकून पुन्हा वर चढतो. हाच उलटा पट्टा.

हे पचायला पोरांनाच जड जातं असं नाही. मार्कस यांचं हे भाकीत बरीच वर्षं प्रयोगात दिसत नव्हतं. १९७० मध्ये रेम आणि वेलर यांनी ॲसिटोनायट्राइलमध्ये चालक बल वाढवत नेलं; वेग चढला, एका पातळीला सपाट झाला आणि खाली उतरलाच नाही. कारण द्रावणात मोकळे फिरणारे रेणू आधी एकमेकांपर्यंत पोहोचावे लागतात, आणि त्या भेटीगाठींचा वेगच वरची मर्यादा घालतो. १९८४ मध्ये मिलर, कॅलकटेरा आणि क्लॉस यांनी भेटीचा प्रश्नच काढून टाकला: बायफिनाइल आणि ॲक्सेप्टर यांना स्टेरॉइडच्या ताठ सांगाड्याच्या दोन टोकांना बांधून टाकलं. वेग चढला, १.२ ईव्हीच्या आसपास माथ्यावर गेला, आणि क्विनोनांपाशी स्पष्ट उतरला. तो १.२ म्हणजेच त्यांचा लॅम्डा, त्यातले ०.७५ सॉल्व्हंटचे आणि ०.४५ आतले.

तेव्हा तुमच्या आलेखात वेग सपाट राहिला आणि उतरला नाही, तर मार्कस चुकले असं लिहू नका. अभिक्रिया दोन मोकळ्या रेणूंची आहे का ते बघा. मोजलेला दर मोलर एककात सेकंदाला हजार कोटींच्या जवळ गेला असेल तर ती मर्यादा विसरणाची आहे.

उलटी अडचणही येते. उलट्या पट्ट्यात खोलवर गेल्यावर सूत्राचा वेग प्रयोगापेक्षा फारच कमी निघतो. इथे चूक तुमची नसते. वरचं सूत्र सगळ्या कंपनांना जुन्या यामिकीने वागवतं. कार्बन-कार्बन बंधांची कंपनं १,५०० वेव्हनंबरच्या आसपास, म्हणजे ०.१९ ईव्हीची, केटीच्या सातपट. त्यांना पुंज पद्धतीनेच घ्यावं लागतं. मग जास्तीची ऊर्जा त्या कंपनांच्या वरच्या पायऱ्यांत मुरते आणि उतार सौम्य होतो. मार्कस-लेविच-जॉर्टनर समीकरण त्यासाठीच आहे. वर उणे १.९ काढणाऱ्याची गत हीच होते: खरा डेल्टा जी उणे ०.३, हा गडी जाऊन पडतो उलट्या पट्ट्यात, आणि मग मला विचारतो, जॉर्टनर वापरू का? आधी वजाबाकी नीट कर बाबा.

लॅपटॉपवर आतला लॅम्डा काढताना

प्रोजेक्टवाल्या पोरांसाठी हा भाग. ऑर्का हा रेणूंच्या ऊर्जा काढणारा प्रोग्राम शैक्षणिक वापराला फुकट मिळतो, साध्या लॅपटॉपवर छोटे रेणू आरामात चालतात. पद्धत चार ऊर्जांची. उदासीन रेणूची भूमिती ऑप्टिमाइझ करा, कॅटायनची करा. मग कॅटायनच्या भूमितीत उदासीन रेणूची ऊर्जा आणि उदासीनच्या भूमितीत कॅटायनची ऊर्जा, या दोन नुसत्या सिंगल पॉइंट, म्हणजे भूमिती न हलवता काढलेल्या. समजण्यापुरते नॅफ्थलीनसारख्या रेणूचे आकडे घ्या, हार्ट्री या ऊर्जेच्या एककात: उदासीन रेणू आपल्या भूमितीत उणे ३८५.८९२५, कॅटायनच्या भूमितीत उणे ३८५.८८९०, फरक ०.००३५. कॅटायन आपल्या भूमितीत उणे ३८५.६०७०, उदासीनच्या भूमितीत उणे ३८५.६०३७, फरक ०.००३३. बेरीज ०.००६८, गुणिले २७.२१, म्हणजे ०.१८५ ईव्ही.

उत्तर ऋण आलं तर ते कधीच खरं नसतं. प्रत्येक फरक म्हणजे किमान ऊर्जेच्या तळापासून वर चढणं, तो ऋण होऊच शकत नाही. एकतर दोन फाइलींत बेसिस सेट किंवा फंक्शनल वेगळा आहे, नाहीतर तुमची 'ऑप्टिमाइझ' भूमिती खऱ्या तळाला पोहोचलेली नाही, नाहीतर फाइलींची नावं अदलाबदल झालीत. काल्पनिक वारंवारता आहे का ते तपासा.

दोनपैकी एक फरक नेमका शून्य आला तर सिंगल पॉइंटच्या फाइलीत ऑप्टिमायझेशनचा शब्द तसाच राहून गेलाय. प्रोग्रामने गुपचूप भूमिती परत तळाला नेली. ही चूक उत्तर जवळपास निम्मं करते, म्हणून ती बरेचदा ध्यानातच येत नाही.

कॅटायनची मल्टिप्लिसिटी २ ठेवायला विसरू नका. आणि उत्तर पडताळायला ॲसीनांची माळ उत्तम: बी-थ्री-एलवायपी या फंक्शनलवर नॅफ्थलीन ०.१९ च्या आसपास, अँथ्रासीन ०.१४, टेट्रासीन ०.११, पेंटासीन ०.१०. रेणू लांबला की धन प्रभार पसरतो, प्रत्येक बंधाच्या वाट्याला कमी ताण येतो, लॅम्डा उतरतो. बायफिनाइलसारखा पिळणारा रेणू घेतलात तर आकडा एकदम मोठा येईल. कॅटायन सपाट व्हायला बघतो आणि पीळ सुटण्याचा खर्च त्यात धरला जातो. स्फटिकात तो पीळ सुटायला जागा असते का, हा प्रश्न मात्र तुम्हालाच स्वतःला विचारावा लागेल.

हा सगळा आतलाच लॅम्डा आहे. ०.१८५ घेऊन थेट पाण्यातला वेग काढायला बसलात तर वेग प्रचंड निघणार. बाहेरचा १ ईव्हीच्या घरातला हिस्सा कुठे गेला?

लाइनीचं रडगाणं वेगळं. आमच्याकडे थ्री-फेज रात्रीची येते आणि घरची लाइन कधी जाईल याचा भरवसा नाही. म्हातारी बॅटरी लावलेला लॅपटॉप ऑप्टिमायझेशनच्या मधेच बंद पडला तर पहिल्यापासून सुरू करू नका. फोल्डरमध्ये शेवटच्या पायरीची भूमिती असलेली एक्सवायझेड फाइल पडलेली असते. ती नव्या इनपुटमध्ये घालून पुढे चालू करा. अर्धवट पायरीची ऊर्जा मात्र आउटपुटमधून उचलून हिशोबात घालू नका. फाइलच्या तळाशी प्रोग्राम व्यवस्थित संपल्याची ओळ दिसली तरच आकडा घ्या.

एवढं करूनही जुळलं नाही तर मला पाठवा. पाठवताना लॅम्डाचे दोन्ही हिस्से वेगळे लिहा, डेल्टा जी चिन्हासकट लिहा, तापमान लिहा, आणि तुमचं उत्तर भागिले अपेक्षित उत्तर किती आलं तेही लिहा. पानाचा फोटो काढताना वरची पट्टी कापू नका, एककं तुम्ही तिथेच लिहिलेली असतात.